माझ्या भिंगावरची देवयानी

कपाटात तीन बहिर्गोल भिंगे, दोन लोहचुंबक, एक तडकलेला पृथ्वीगोल आणि खालच्या खणात मी. मोखाड्याजवळच्या एका आश्रमशाळेतली मी जुनी दुर्बीण. मित्रांनो, आज मला माझी लाज सांगायची आहे.

नवी होते तेव्हा चंद्रावरचे खड्डे मी स्वच्छ दाखवत असे. पण इथले पावसाळे मी उघड्या डब्यात काढले, आणि डोळा लावायच्या भिंगावर बुरशीचा लांबट डाग पडला. विंचवांच्या भीतीने व्हरांड्यातला दिवा कायम चालू असे. त्याच्या उजेडात तो डाग अंधूक चमके. पुष्पलता बाई मला देवयानीच्या दिशेला वळवत. "ही आपल्या आकाशगंगेची शेजारीण. सर्पिल दीर्घिका. तिचा उजेड इथवर यायला पंचवीस लाख वर्षं लागतात." डाग दिसला की सगळे त्यालाच देवयानी समजत; नेम बरोबर आहे का, हे कोणी बघत नसे. मुले हरखत, पाहुणे कौतुक करत. सांगायला मला तोंड नव्हते. पण कौतुक मला आवडत होते.

सहा वर्षे अशी गेली. या डिसेंबरात आठवीतल्या पोशीने पाहून काढलेले देवयानीचे चित्र जव्हारच्या विज्ञान प्रदर्शनासाठी निवडले गेले. जेवणानंतर ती मला डोळा लावून चित्र ताडून बघत होती, तेवढ्यात वीज गेली.

"बाई, लाईट गेली नि दीर्घिका पण गेली!"

"तिची लाईन पण मोखाड्यातूनच असंल," तिच्या वर्गातला नवशा म्हणाला. सगळी हसली.

पोशी हसली नाही. "पंचवीस लाख वर्षांमागं निघालेला उजेड आता कसा विझंल, बाई?"

बाईंनी मोबाईलचा उजेड भिंगावर पाडला. डाग चमकला. माझी नळी जमिनीकडे वळवली, तरी तो होता तिथेच.

"सहा वर्षं मी हेच दाखवलं गं," बाई हळू आवाजात म्हणाल्या. मला कपाटात परत जावेसे वाटले.

पोशीने चित्राची घडी घातली. "हे नको पाठवू, बाई. आधी खरी बघू."

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्पिरिटच्या कापसाने भिंग पुसले. संध्याकाळी दिवा बंद केला. नवशा विंचवांसाठी काठी आपटत राहिला. मित्रांनो, दुर्बीण कोरड्या जागी ठेवा, आणि तिचे ऐकण्याआधी तिला तपासा.

पृथ्वी फिरते म्हणून आकाशातली वस्तू दुर्बिणीतून सरकत जाते. डाग सरकत नाही. पोशीने मला न हलवता घड्याळावर वेळ मोजली. देवयानीचा गाभा माझ्यातून दिसणाऱ्या गोलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला: पाच मिनिटे अठरा सेकंद.