पट्टीखालचे दोन अर्थ

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे, आणि शब्दकोश कधी खोटं बोलत नाही असं जे म्हणतात, ती माझ्याबद्दलची पहिली थाप. बाकीच्या थापा मी स्वतः मारतो.

माझ्या पोटात इंग्रजीचे अठ्ठेचाळीस हजार शब्द आहेत आणि प्रत्येकापुढे आपल्या भाषेतला अर्थ. माझी पानं शिवताना दाभण दोनदा मोडलं. पुठ्ठा चढवणारा बाइंडर मला उचलून म्हणाला होता, "हा डोक्यात पडला तर माणूस मरेल, आणि डोक्यात शिरला तरी मरेल." पुढे एका उंदराने माझा कोपरा कुरतडला, तर आठवडाभर तो मांजरीशी इंग्रजीत बोलत होता. मांजरीला काही कळेना, म्हणून बिचारा वाचला. यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण यापुढे जे सांगणार आहे त्यात थाप नाही. असती तर फार बरं झालं असतं.

मला विकत घेतलं एका भाषांतरकाराने. शाळेत कधी न शिकवताही सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिंप्याच्या दुकानावर त्यांची खोली होती. खाली मशीन चाले, वर मास्तरांची लेखणी. कचेऱ्यांची, दवाखान्यांची इंग्रजी कागदपत्रं ते आपल्या भाषेत उतरवून देत. कोणी आलं की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "हा माझा थोरला भाऊ. याला विचारल्याशिवाय मी सही करत नाही." मी फुगून जाई. थोडा दमटपणामुळेही फुगत असेन.

माझ्या पोटात एक शब्द होता, 'रेडन'. म्हणजे लाल होणे. मास्तरांच्या बायकोने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा विचारलं होतं, "रेडन? म्हणजे माणसाचा रेडा होतो की काय?"

"होतो कधीकधी," मास्तर म्हणाले होते.

या शब्दाची एक खोड आहे. बोलताना इंग्रज माणूस त्याला क्वचितच हाक मारतो. त्याचं बिऱ्हाड मुख्यतः कागदावर. संध्याकाळी आकाश रेडन होतं, रडून डोळे होतात, पिकायला लागलं की फळ होतं. आणि माणूस? नुसतं 'तो रेडन झाला' एवढं लिहायचं आणि पूर्णविराम द्यायचा. का झाला, ते वाचणाऱ्याने मागच्यापुढच्या ओळींवरून ओळखायचं. आपल्याकडे तसं चालत नाही. आपण लगेच विचारतो, कशाने? रागाने, लाजेने, उन्हाने, की ठसका लागला? कारण जोडल्याशिवाय आपल्याला वाक्य अर्धं वाटतं. म्हणून माझ्यात तीन अर्थ छापले होते. एक, लाल होणे किंवा करणे. दोन, उष्णतेने, श्रमाने वा रागाने चेहरा लाल होणे. तीन, शरमेने लाल होणे.

मास्तरांना अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटायची सवय होती. एका दुपारी घाईत 'रेडन'चं पान टरकन फाटलं. मास्तर हळहळले. जुन्या पाकिटाची जाड खाकी पट्टी कापली, तिला खळ फासली आणि मला चिकटवलं. काम झकास झालं, फक्त पट्टी बसली ती पहिल्या दोन अर्थांवर. तिसरा तेवढा उघडा राहिला.

इथे आता इस्त्रीमावशी येते. मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात ती एकोणीस वर्षं चादरी इस्त्री करत होती. तिथून नव्या चादरींचा एक गठ्ठा नाहीसा झाला. चौकशीला बाहेरून एक साहेब आला. त्याने एकेकाला बोलावलं, प्रश्न विचारले आणि इंग्रजीत अहवाल लिहिला. निर्णय देणाऱ्या तिघांना इंग्रजी येत नव्हतं. अहवाल मास्तरांकडे आला.

त्यात एक वाक्य होतं: प्रश्न ऐकताच ती बाई रेडन झाली आणि काही बोलली नाही.

मास्तरांचं जेवण वाढून झालं होतं. आतून हाक आली, "अहो, गार होतंय!" त्यांनी मला उघडलं. पट्टीच्या खालच्या कडेला 'तीन' हा आकडा स्वच्छ दिसत होता. एक आणि दोन कुठे गेले, हे मास्तरांनी विचारलं नाही. मी ओरडलो असतो, पण आमच्या जातीला तोंड म्हणजे पान, आणि त्यावर त्यांनीच पट्टी मारली होती. त्यांनी लिहिलं, 'ती शरमेने लाल झाली आणि गप्प राहिली.' सही केली, हात धुतले, जेवायला बसले.

तीन आठवड्यांनी इस्त्रीमावशी जिना चढून आली. हातात त्या भाषांतराचा, घडी घालून घालून मऊ झालेला कागद होता.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मी लिहिलं नाही बाई, मी फक्त उतरवलं."

"मग उतरवताना कुठे सांडलंत बघा जरा," ती म्हणाली. "मला थेट इस्त्रीच्या प्रेसवरून उठवून नेलं होतं. एकोणीस वर्षं वाफेत उभी आहे. माझं तोंड लालच असतं, लेकीच्या लग्नातही लालच होतं. वर तो माणूस मला चोर म्हणतोय म्हटल्यावर राग आला. इतका की शब्द फुटेना. पण शरम? शरम कशाची, मास्तर?"

तिने कागद मास्तरांपुढे सरकवला.

"काम गेलं, ते गेलं. दोन ठिकाणी कामाचं विचारलं, दोघांनी हा कागद मागितला. चोरी केली असं यात कुठेच नाही म्हणे. पण हा एक शब्द वाचतात आणि कागद परत देतात. तेवढा काढून द्या."

मास्तरांनी मला उघडलं. ते पान पाहिलं, तो तीनचा आकडा पाहिला, आणि त्यांचा हात थांबला. मग नखाने पट्टीची कड उचलून हळूहळू ओढली. खळ चांगली होती, मित्रांनो. फारच चांगली. पट्टीबरोबर माझी अक्षरंही निघून आली. उलटी, आरशातल्यासारखी, खाकी कागदाला चिकटून. माझ्या अंगावर तिथे पांढरा खड्डा उरला.

मास्तरांनी ती पट्टी खिडकीच्या काचेवर धरून उलटी अक्षरं वाचली. त्याच दिवशी त्यांनी दवाखान्याला पत्र लिहिलं: चूक माझी आहे, शब्दाला दुसरे अर्थही आहेत, कृपया दुरुस्ती व्हावी. त्या पानावर जरा खाली 'रिड्रेस' राहतो, म्हणजे अन्यायाची दाद लागणे. इतकी वर्षं शेजारी होता, पण त्या दिवशी धावून आला नाही.

उत्तर आलं, इंग्रजीत, एका ओळीचं. इस्त्रीमावशी ते ऐकायला स्टुलावर बसली होती. मास्तरांनी मला न उघडताच अर्थ सांगितला, "प्रकरण बंद झालं आहे, म्हणतात."

"कोणाचं?" तिने विचारलं. कागदाची पुन्हा तशीच घडी घातली आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर मास्तरांनी काम घेणं सोडलं. आता मी खाली शिंप्याकडे असतो. तो माझ्याखाली कॉलर दाबून ठेवतो. मला उघडत कोणी नाही.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारखा कोणी फाटलेला दिसला तर जरूर चिकटवा, पण सावकाश, अक्षरं झाकू नका. 'तीन' दिसला तर एक आणि दोन शोधा. आणि कोणी लाल झालं असं कुठे वाचलंत, तर आम्हाला विचारण्याआधी शक्य असेल तर त्या माणसाला विचारा. आम्ही चेहरे पाहिलेले नसतात.

मी मात्र एकच पाहिला. ती जिना उतरत होती तेव्हा मास्तर माझ्यावर दोन्ही हात टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. कशाने, ते अठ्ठेचाळीस हजार शब्द पोटात असून मला आजही सांगता येत नाही.