आबांच्या नावाचा दिवा

माझा दादा, पुंडलिक, संभाजीनगरला सिडकोत राहतो अन् दौलताबादला येतो ते कलेक्टर असल्यागत. गेल्या साली दिवाळी सरल्यावर आबा गेले अन् यंदाच्या श्रावणात त्यानं शेताच्या तोंडाशी उंच खांब रोवला. वर हा भला मोठा दिवा, खाली पाटी, 'कै. पुंजाराम यांच्या स्मरणार्थ'. दिवस मावळला की आपोआप लागायचा, ते उजाडेस्तोवर. गाव म्हणालं, लेक असावा तर असा. मी पण म्हटलं. जळो माझं तोंड!

खांबाच्या पायथ्याशीच आबांचा शेवंतीचा वाफा. जाताना आबा मला एवढंच बोलले होते, "सुलेखा, माझ्या वर्षश्राद्धाला बाजारचा हार नको. माझी शेवंती वाहा." मी व्हय म्हणून बसले.

दिवाळी झाली. झाडं लई वाढली, हिरवीगार, पण कळी म्हणून नाय. शेणखत घातलं, पाणी कमी केलं, शेजारच्या कडूबाईच्या शेळीला शिव्या घातल्या. श्राद्धाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गोठ्यामागं गेले, तर तिथं मी वाफ्यातली उरलीसुरली चार रोपं खोचली होती, ती पिवळीधमक फुललेली! रोपं तीच, माती तीच. पत्र्याच्या आडोशानं दिव्याचा उजेड तेवढा तिथं पोचत नव्हता.

मग आबांचं बोलणं आठवलं. दिवस आखडला, रात्र लांबली की शेवंती कळी धरते, असं ते दरवर्षी सांगायचे. अन् आम्ही तिला रात्रच होऊ दिली नाय!

तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात दादा गाडीतून उतरला, हातात बाजारचा जाडजूड हार.

"आधी तो दिवा बंद कर!"

"डोकं फिरलं का तुझं? उजेडानं झाड वाढतं."

"वाढतं. फुलत नाय. चल, बघ!" दंडाला धरून ओढतच नेला.

त्यानं गोठ्यामागं पाहिलं, वाफ्याकडं पाहिलं. तोंड उतरलं. जाऊन बटण बंद केलं. "घे. उद्यापर्यंत येतील ना थोडी?"

"आता कळी धरून फूल यायला दोन महिने लागतील. वर्षश्राद्ध उद्या आहे, दादा!"

मी चार झाडांची फुलं खुडली, ओंजळ भरली. त्यानं हळूच हात पुढं केला.

"दोन मला दे. मी पण वाहतो."

"तुझा हार आहे की," म्हटलं, अन् फुलं पदरात बांधली.