अठराचा मूळ संदर्भ

उज्ज्वलाने तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि या खेपेला संदर्भांचं सॉफ्टवेअर ऑनलाइन डेटाबेसला खरंच जोडलं गेलं. उगाच बिघडायला नको म्हणून तिने माउसवरचा हात काढून घेतला.

पीएचडीचा प्रबंध आज पाचच्या आत सबमिट करायचा होता. ‘संदर्भाशिवाय एक वाक्य दिसलं तर सगळं परत,’ गाइड मनीषा मॅडमनी बजावलं होतं. तसं एकच वाक्य उरलं होतं : ‘पॉवरलूमवर सरासरी अठरा वर्षांत कामगाराचे कान जातात.’ सगळेच हे लिहीत. कुठून आलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचं तिसरं प्रकरण मात्र त्यावरच उभं होतं.

डेटाबेसने एक्केचाळीस लेख ओतले. रेशनच्या रांगेत दाखवतात तसा प्रत्येक लेख पुढच्याकडे बोट दाखवत होता. रांगेच्या तोंडाशी एक जुना सर्वे निघाला. त्यात तळटीप : ‘प्रत्यक्ष मुलाखत : उखा चिंधा पाटील, लूम कामगार, लिंबायत, सुरत.’

उखा चिंधा पाटील, म्हणजे तिचे वडील, तिच्या मागे खाटेवर शेंगा सोलत बसले होते.

त्या घरात कुणी ओरडून बोलत नसे. लूमच्या खडखडाटात उखा ओठ वाचायला शिकले होते. उज्ज्वला त्यांच्यासमोर बसली आणि आवाज न काढता ओठ हलवू लागली.

“आप्पा, सर्वेवालाले अठरा तुम्हीच सांगं का?”

“तो मिशीवाला? हां, मीच सांगं.”

“पण तुमना कान तं अकरा वर्षमां गयात!”

“मंग? तवय गयेलच व्हतात. त्यान्या मिशा ह्या अशा, व्हट दिसेतच नहीत. सर्वेवाला पहिले नाव इचारतस, मंग काम, मंग खोली नंबर. मी त्याच लाईनमां सांगत गऊ.”

उज्ज्वलाने उघड्या दाराकडे पाहिलं. फळीवर निळ्या रंगात १८ लिहिलेलं होतं.

चार चाळीसला मॅडमचा फोन आला.

“मिळाला का संदर्भ?”

“मिळाला. पण मॅडम, तो चुकीचा आहे.”

“किती जणांनी वापरलाय?”

“एक्केचाळीस.”

“आणि चुकीचा म्हणणारे?”

तिने शेंगांच्या टरफलांकडे पाहिलं. “एक.”

“छापील?”

“नाही.”

“मग टाक आणि मोकळी हो, बाळा.”

तरी तिने नवा संदर्भ भरून पाहिला. प्रकार : मुलाखत. नाव : उखा चिंधा पाटील. अकरा वर्षं. सॉफ्टवेअर क्षणभर गरगरलं. ‘हा संदर्भ आधीपासून आहे,’ म्हणालं आणि अकरा पुसून सर्वेचं अठरा तिथे बसवून मोकळं झालं. तिने पुन्हा भरला. त्याने पुन्हा पुसला. पाचला सात मिनिटं उरली.

उखा उठून तिच्या खांद्यावरून डोकावले. स्वतःचं नाव त्यांना वाचता येत असे. त्यावर त्यांनी बोट ठेवलं, काचेवर शेंगेचं साल चिकटलं.

“खोली नंबर बरोबर लिख्या ना त्यासनी?”

उज्ज्वला वळली. त्यांना नीट दिसावेत असे सावकाश ओठ हलवत म्हणाली,

“बरोबर.”

मग साल पुसून तिने सबमिट दाबलं. बेचाळीस झाले.