दोन चॅनेलवरचे शरणप्पा

मित्रांनो, देगलूरला उदगीर रोडवर फरशी आणि नळांचं एक दुकान आहे. तिथे गल्ल्यामागच्या भिंतीवर बत्तीस इंचांचा एक जुना टीव्ही टांगलेला आहे. तो मी.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. त्यातलं मला थर्माकोल तेवढं आठवतं. पुढे महिनाभर नांदेडच्या एका दुकानात मी आणि माझ्यासारखे वीस जण रांगेने उभे राहून एकच चित्र दाखवत होतो. निळा समुद्र आणि मासे. दिवाळीच्या आधी एक गृहस्थ आले. पांढरा इस्त्रीचा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. त्यांनी माशांकडे बघितलंसुद्धा नाही. "बातम्या लाव," म्हणाले. बातम्या लागल्या. पाच मिनिटं त्यांनी हाताची घडी घालून त्या ऐकल्या आणि मान हलवली.

"सगळे खोटारडे हायत. पण आवाज साफ हाय. बांध हे."

हे शरणप्पा. अशा रीतीने मी देगलूरला आलो.

पहिली काही वर्षं फार सुखाची गेली. क्रिकेटचा सामना असला की समोरचे हॉटेलवाले, रिक्षावाले, फरशी बघायला आलेली गिऱ्हाइकं सगळी माझ्यासमोर. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी तर सिमेंटच्या पोत्यांवरही बसायला जागा नसे. शरणप्पांच्या पत्नी रुद्राणीबाई दर सोमवारी स्वतः माझी काच पुसत. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि गर्दी पांगली. शरणप्पा मात्र माझेच राहिले. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रिमोट हातात घेऊन ते दिवसभर माझ्याशी भांडत.

त्यांची मतं ठाम होती. कायदा सगळ्यांना सारखा असावा. ज्याला या देशात यायचं त्याने दारातून यावं, कागद दाखवून यावं. चोरून येणाऱ्याला परत पाठवावं. कुणी कुणावर हात उचलला तर पक्ष न बघता आत टाकावं. आणि बातम्या देणारे लोक एकाच डोळ्याने बघतात, हे तर त्यांचं रोजचं वाक्य. एक चॅनेल त्यांना आपलं वाटे. दुसरं त्यांना मुळीच आवडत नसे, पण रोज दहा मिनिटं ते हटकून लावत. "ते काय बोलून राहिलेत ते बी कळाया पायजे," असं म्हणत.

चार वर्षांपूर्वी रफिकुल कामाला आला. बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातला, फरशी बसवणारा कारागीर. गिऱ्हाइकांच्या घरी दुकानातर्फे तोच जाई. पहिल्याच दिवशी शरणप्पांनी त्याला कागद मागितले. रफिकुलने प्लॅस्टिकच्या पाकिटातून एकेक कागद काढून गल्ल्यावर मांडला. आधार, मतदार कार्ड, आजोबांच्या नावाचा जमिनीचा एक पिवळा कागद.

"अप्पा, हे माझं. हे बाबाचं. हे दादाजीचं."

"राग आला का रे?"

"नाही अप्पा. सवय आहे."

शरणप्पांनी स्वतः त्याला पोलीस ठाण्यात नेऊन नोंद करून आणली. त्यानंतर चार वर्षांत त्यांनी पुन्हा कागदाचं नाव काढलं नाही. उलट रफिकुलने बसवलेल्या फरशीवर ते बोट फिरवत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, "सांधा सापडतो का बघा बरं."

या हिवाळ्यात नगर परिषदेची निवडणूक लागली. शरणप्पा ज्या पक्षाला मत देत, त्याच पक्षाचं काम त्यांचा पुतण्या अमरेश करत होता. एका संध्याकाळी बसस्टँडच्या मागे कोपरा सभा चालू असताना कुठूनसे दगड आले. त्यातला एक अमरेशच्या डोक्याला लागला. अकरा टाके पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून शरणप्पा माझ्यासमोर बसून होते. नावडत्या चॅनेलवर काहीच आलं नाही. आवडत्या चॅनेलवर खालच्या पट्टीत एक ओळ सरकली: 'देगलूरमध्ये दोन गटांत हाणामारी.' शरणप्पा उठून उभे राहिले.

"दगड मारणारा बी गट, अन् डोकं फुटलेला बी गट? सभेत बसलेल्या पोराला गट म्हणतेत?"

रुद्राणीबाई डबा घेऊन आल्या होत्या. "तुमी जेवा आधी. अमरेश बरा हाय. मी आत्ताच बघून आले."

"तो बरा हाय गं. पण हे असं कामून लिहितेत?"

मित्रांनो, याचं उत्तर मला देता आलं असतं तर मी दिलं असतं. पण मला जे पाठवतात ते मी दाखवतो. कोण लिहितं, कोण खोडतं, हे मला दिसत नाही.

दुपारपर्यंत गावात एक बातमी मोबाइलवरून फिरू लागली. दगड मारणारे गावातले नव्हते, बाहेरून आणलेले बंगाली मजूर होते. कुणी पाहिलं, कुणाला ठाऊक. शरणप्पांनीही ती वाचली. दोनदा वाचली. मग मागच्या गोदामात फरशी कापत असलेल्या रफिकुलला हाक मारली.

"काल सांजच्याला तू कुठं होतास रे?"

रफिकुलच्या भुवयांवर फरशीची पांढरी धूळ होती. ती त्याने बाहीने पुसली. "खोलीवर होतो. भात केला."

"कोण होतं संगट?"

"कुणी नाही, अप्पा. एकटा."

शरणप्पांनी मान डोलावली. रफिकुल परत आत गेला, पण मशीनचा आवाज बराच वेळ आला नाही.

तीनच्या सुमारास पंचवीस-तीस जण आले. पुढे अमरेश, डोक्याला पांढरी पट्टी. बहुतेक सगळी पोरं शरणप्पांना काका म्हणणारी.

"काका, तुमच्याकडचा बंगाली बाहेर काढा."

"कशाला?"

"विचारायचं हाय त्याला."

"मी विचारलंय."

"मग? काय म्हणला?"

शरणप्पा खोटं बोलत नाहीत. "खोलीवर होता म्हणला. एकटा होता. खरं का खोटं, मला माहीत न्हाई."

"बघा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"माहीत न्हाई म्हणूनच तुमच्या हातात देत न्हाई," शरणप्पा म्हणाले. त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि त्याच्याखाली, पायरीवर, स्वतः उभे राहिले. "पोलिसाला फोन केलाय. ते येतील, घेऊन जातील, तपासतील. दोषी निघाला तर मीच म्हणीन, टाका आत. पण तुमी हात लावायचा न्हाई."

"माझं डोकं फुटलंय, काका," अमरेश म्हणाला. त्याचा आवाज रागाचा कमी आणि रडवेला जास्त होता. "तुमी माझ्या बाजूचे का त्याच्या?"

त्याच वेळी अर्ध्या शटरखालून एक दगड आत आला आणि माझ्या उजव्या कोपऱ्यावर बसला. मला दुखलं असं म्हणणार नाही. पण त्या कोपऱ्यात तेव्हापासून काळा डाग आहे आणि तिथे काही उमटत नाही. दगड कुणी मारला ते शरणप्पांनी पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि मला ते सांगता येत नाही. अमरेशने नव्हता मारला, एवढं मात्र खरं.

पोलीस आले. गर्दी हटली. रफिकुलला चौकशीसाठी घेऊन गेले. जीपमध्ये बसताना त्याने शरणप्पांकडे पाहिलं नाही.

जीप गेली आणि राजशेखर आला. हा नांदेडचा वार्ताहर. तो चित्रीकरण करून तीन-चार चॅनेलना पाठवत असे. माझ्या फुटलेल्या काचेसमोर त्याने शरणप्पांना उभं केलं आणि माइक पुढे धरला. शरणप्पा सावकाश बोलले. मी पाठीमागेच होतो. शब्द न् शब्द ऐकला.

"चोरून देशात आलेल्याला परत धाडलंच पाहिजे. मी हे तीस वर्षं म्हणून राहिलो, आज बी म्हणतो. पण कोण चोरून आला, ते ठरवायचं काम सरकारचं हाय. दगडाचं न्हाई. काल आमच्या पोराचं डोकं फुटलं, ते तुमी दाखवलं न्हाई. त्याचं मला लई वाईट वाटलं. आज आमचीच पोरं दगड घेऊन आली. त्याचं बी तेवढंच वाईट वाटतंय. दोन्ही दाखवा."

राजशेखर म्हणाला, "छान बोललात, अप्पा."

संध्याकाळी सातला दुकानात शरणप्पा आणि रुद्राणीबाई दोघंच होते. शरणप्पांनी आधी नावडतं चॅनेल लावलं. माझ्या उरलेल्या काचेवर त्यांचाच चेहरा आला. "चोरून देशात आलेल्याला परत धाडलंच पाहिजे. मी हे तीस वर्षं म्हणून राहिलो." बस, तेवढंच. पाठोपाठ गर्दीचं चित्र आणि मोठी अक्षरं: 'मजुरावर जमाव, व्यापाऱ्याचं समर्थन.'

"मी कुठं समर्थन केलं?" शरणप्पा म्हणाले. घाईघाईने त्यांनी आपलं आवडतं चॅनेल लावलं. तिथेही तेच होते. तोच सदरा, तेच भस्म. "आमचीच पोरं दगड घेऊन आली." आणि अक्षरं: 'घुसखोराला आसरा, कार्यकर्त्यांवर आरोप.'

त्यांनी पुन्हा पहिलं चॅनेल लावलं, मग पुन्हा दुसरं.

"हे बी मीच बोललो," ते रुद्राणीबाईंना म्हणाले. "अन् ते बी मीच बोललो. मग हे दोघं कोण हायत?"

मित्रांनो, त्या दिवशी मला स्वतःचं काही कळेनासं झालं. मी एकही खोटा शब्द दाखवला नव्हता. प्रत्येक शब्द त्यांचा होता, आवाज त्यांचा होता. तरी तो माणूस माझ्या समोर खुर्चीत बसला होता आणि माझ्यावर दिसत होता तो कुणी दुसराच होता.

फोन सुरू झाले. उदगीरच्या साडूंनी शिव्या घातल्या: परक्यासाठी घरच्या पोरांना बदनाम केलंत. मग लातूरहून मुलगी सृष्टीचा फोन आला. ती तिथे वकिली शिकते. तिने वडिलांचं नावडतं चॅनेल बघितलं होतं.

"पप्पा, तुम्ही गर्दीच्या बाजूने बोललात?"

"न्हाई गं. शटरमधी मीच उभा होतो."

"मग टीव्हीवर तुम्हीच होतात ना?"

"मीच होतो," शरणप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजशेखरला फोन लावला. तो कळवळून म्हणाला, "मी सगळंच्या सगळं पाठवलं होतं, अप्पा. त्यांनी तिकडं कापलं." ज्यांनी कापलं त्यांचे नंबर त्याच्याकडे नव्हते. शरणप्पांना रागवायलाही कुणी उरलं नाही. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की एकच बाजू कापते. आता आपल्या चॅनेलनेही कापलं, त्याचा हिशेब कुठे धरावा ते त्यांना समजत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी रफिकुलला सोडलं. कागद खरे निघाले, मालद्याहून खात्री झाली. सभेत दगड कुणी मारले ते अजूनही सापडलेलं नाही. रफिकुल थापी, ओळंबा आणि मशीन घ्यायला दुकानात आला.

"थांब रे," शरणप्पा म्हणाले. "आता कोण काय म्हणतंय? कागद खरे निघालेत."

"कागद आधी पण खरेच होते, अप्पा."

शरणप्पांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"ठाण्यात एकाने मोबाइलवर दाखवलं," रफिकुल म्हणाला. "तुम्ही बोलत होतात. परत धाडा म्हणून."

"ते तुला न्हाई म्हणलो. चोरून आलेल्याला म्हणलो."

"मला कसं कळणार? तुम्ही पण मला विचारलं, कुठं होतास."

"विचारायला नको होतं का?" हे शरणप्पांनी खरोखरच विचारलं. त्यांना उत्तर हवं होतं. विचारणं बरोबर होतं असं त्यांना तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. आणि त्या प्रश्नानंतर मशीन बराच वेळ सुरू झालं नव्हतं, हेही त्यांच्या कानात होतं.

रफिकुलने हत्यारांची पिशवी खांद्यावर घेतली. "माहीत नाही, अप्पा," म्हणाला, आणि नांदेडच्या बसकडे गेला.

शनिवारी सृष्टी आली. तिने वडिलांना माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "पप्पा, मला सगळं सांगा. काय बोललात ते, पहिल्यापासून." शरणप्पांनी सुरुवात केली, अडखळले, परत सुरुवात केली. आधी चोरून येणाऱ्यांचं म्हणालो की आधी अमरेशचं, हे त्यांना आठवेना. दोन्ही चॅनेलवर इतक्या वेळा स्वतःला बघितलं होतं की मधली वाक्यं पुसून गेली होती. मला ती जशीच्या तशी आठवत होती. मित्रांनो, माझ्या साऱ्या आयुष्यात मला एवढं हतबल कधी वाटलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. रफिकुल होता. मागे रेल्वेचा खडखडाट ऐकू येत होता.

"अप्पा, एक सांगायचं राहिलं. काम अर्धं राहिलं त्या गुरुजींच्या घरात बाथरूमचा उतार खिडकीच्या बाजूला ठेवला आहे. नवीन मिस्त्री येईल त्याला सांगा. नाहीतर पाणी साचेल."

"सांगतो," शरणप्पा म्हणाले. मग घाईने उभे राहिले. "रफिकुल, ठेवू नको. ऐक. मी त्या दिवशी काय बोललो ते पुरं ऐक. चोरून आलेल्याला परत धाडा म्हणलो, हाव, ते म्हणलो. पण त्याच्या म्होरं म्हणलो, ते ठरवायचं काम दगडाचं न्हाई. अन् तुला मी विचारलं, कारण मी कुणाला बी विचारलं असतं, अमरेशला बी विचारलं असतं. पण तुझ्या तोंडाकडं बघून मला…"

ते बोलत राहिले. गळ्यातल्या इष्टलिंगावर एक हात ठेवून, डोळे मिटून, पाच मिनिटं तरी. माझ्या आठवणीत ते इतकं एका दमात कधी बोलले नव्हते. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "ऐकलंस ना?"

सृष्टीने हळूच त्यांच्या हातातला फोन घेतला आणि पाहिला. लाइन तुटली होती.

"कधी तुटली गं?"

"माहीत नाही, पप्पा."

त्यांनी पुन्हा लावला. गाडी कुठल्या तरी रानातून जात असावी. लागला नाही. मग त्यांनी चपला घातल्या, सृष्टीला दुकानात बसवलं आणि म्हणाले, "अमरेशकडं जाऊन येतो. तो तर गावातच हाय. त्याच्या म्होरं बसून सांगतो."

मित्रांनो, मी जुना झालो आहे आणि माझा एक कोपरा काळा आहे. मला भिंतीवर ठेवा किंवा उतरवा, माझी तक्रार नाही. पण माझ्यावर कुणाचा चेहरा दिसला आणि त्याचा राग आला, तर त्या माणसाचं दार किती लांब आहे ते आधी बघा, आणि तिथे जाऊन त्याचं पुरं ऐका. शरणप्पा अजून परतले नाहीत, सांगत बसले असावेत, आणि अमरेशचं घर तर फक्त तीन गल्ल्यांवर आहे.