नाकामागचं नाक

चांदी आटवायची मूस लालबुंद झाली होती. चार टाक आत गेले होते. पाचवा तिप्पण्णाच्या चिमट्यात होता आणि तिथंच त्याचा हात थांबला.

“कामून थांबलाव, अण्णा?” समोर बसलेल्या रेणुकाबाईंनी विचारलं.

तिप्पण्णानं चिमटा मागं घेऊन तो टाक तळहातावर ठेवला आणि हात दोनदा वरखाली केला. टाक म्हणजे देव्हाऱ्यातला चांदीचा देव. पातळ पत्रा साच्यावर ठोकून उठवलेला, फुंकर मारली तर उडेल असा. हा मात्र रुपयाहून लहान असून हाताला जड लागत होता.

तिप्पण्णा चाळीस वर्षं भालकीत टाक घडवत होता आणि त्याला त्याचा गर्व होता. तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही. गावात टाक करणारे आणखी दोघं होते. त्यांच्या कामाबद्दल कुणी विचारलं तर तो एवढंच म्हणे, “पत्रा चांगला वापरत्यात.”

रेणुकाबाई निर्णा गावाहून आल्या होत्या. घराणं मूळचं मेंढपाळाचं, आता शेतीवालं. बरोबर महांतेश आणि योगीराज, दोन्ही मुलं. महांतेशला पुण्यात कारखान्यात नोकरी लागली होती आणि दसऱ्यानंतर तो तिकडं बिऱ्हाड करणार होता. घरं दोन झाली की देवही दोन लागतात. त्यांच्यात रीत अशी, की जुने टाक आणि नवी चांदी एकाच मुशीत आटवायची आणि त्यातून दोन्ही घरांचे देव घडवायचे. एकाकडं जुना देव, दुसऱ्याकडं नवा, असं होऊ द्यायचं नाही. रीत शहाण्या माणसानं घातलेली दिसते. बांधावरून भांडायचं ते भाऊ भांडतातच, निदान देवावरून तरी नको.

“हे कोण?” तिप्पण्णानं विचारलं.

“आमचा वीर,” रेणुकाबाई म्हणाल्या. “सासऱ्याच्या आज्ज्याचा आज्जा. मेंढरं राखताना लांडग्याशी भिडला. दुसऱ्यांचे वीर घोड्यावर असत्यात, आमच्याचं निस्तं मुंडकं हाय. तेवढंच घावलं म्हणत्यात. डोक्याला मुंडासं बगा की.”

तिप्पण्णानं रिठ्याच्या पाण्यात टाक हलकेच चोळला. कितीतरी पिढ्यांची हळद सुटून पाण्यात उतरली. मुंडासं नव्हतं ते, पानांची गुंडाळी होती. कडेनं अक्षरं होती. त्यानं टाक उलटा केला. मागं तोच चेहरा, पण खोलगट, आत गेलेला.

खोलगट असण्यात नवल नाही, टाक मागून पोकळच असतो. पण पत्र्याला पुढं जिथं नाक उठतं, बरोबर त्याच्याच मागं नाकाचा खड्डा असतो. इथं मागचा चेहरा उलटा होता, हनुवटी वर आणि डोकं खाली. नाकामागं नाक नव्हतं.

असाच एक टाक चोवीस वर्षांपूर्वी, १९७९ साली, तिप्पण्णाच्या हातात आला होता. असाच जड, मागचा चेहरा असाच उलटा. कुण्या अडाण्यानं ठोकलेला टाक म्हणून तो हसला होता आणि मुशीत टाकून मोकळा झाला होता. पुढं सात वर्षांनी एका शेतात नांगराला मडकं लागलं. त्यातली नाणी सरकारजमा होऊन गुलबर्ग्याच्या संग्रहालयात गेली म्हणून तो बघायला गेला, आणि काचेआड त्याला तेच पानं बांधलेलं डोकं दिसलं. रोमच्या बादशहाचं. त्या दिवशी तो भालकीला कसा परतला, त्याचं त्याला ठाऊक.

तेव्हापासून परकं दिसणारं प्रत्येक नाणं तो मालकाला परत देण्याआधी गरम लाखेत दाबून घेई. असे त्रेपन्न ठसे त्याच्या पेटीत होते. रोमची सात नाणी तर त्यानं स्वतःची चांदी देऊन सोडवली होती. संग्रहालयातले अधिकारी हणमंतप्पा साहेब त्याला खुर्ची देऊ लागले होते. पण १९७९ साली उलट्या पाठीचं नाणं बघितलं होतं असं तो म्हणाला, की साहेब हसत; ते आपणच आटवलं हे मात्र त्यानं त्यांनाही सांगितलं नव्हतं. न बघितलेल्या नाण्यावर कोण काय बोलणार?

“अण्णा, तीनची बस हाय आमची,” महांतेश म्हणाला.

“हे मुशीत न्हाई टाकायचं. हे नाणं हाय. दोन हजार वर्सांचं.”

तिप्पण्णानं लाख गरम केली, नाण्याची पुढची बाजू तीत दाबली आणि अलगद उचलली. लाखेत खोलगट चेहरा उमटला. शेजारी नाण्याची मागची बाजू धरली. दोन्ही चेहरे हुबेहूब तेच, अक्षरं दोन्हीकडं सारखीच उलटी.

“लाखेवर नाणं दाबलं तर असं दिसतंय. मंजे ह्याच्या पाठीवर बी दुसरं नाणंच दाबलंय,” तो म्हणाला. “आधीचं नाणं वरच्या ठशात चिकटून ऱ्हायलं. कारागिराच्या ध्येनात आलं न्हाई. त्यानं खाली नवी चांदी ठिवली अन् हाणला हातोडा. असली चूक लई कमी वेळा व्हती. झाली तरी ते लोक पुन्ना आटवून टाकत असतील. हे एक निसटलं.”

“असू द्या नाणं,” महांतेशचा आवाज चढला. “वीर मुशीत न्हाई गेला तर माझ्या घरी वीरच न्हाई. पुण्याला मी कुणाच्या पाया पडू?”

त्याचंही खरं होतं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती आणि तीही कान देऊन ऐकत होती. तिप्पण्णानं आजवर कुणापुढं आपली चूक कबूल केली नव्हती, बायकोपुढंही नाही. त्यानं शेगडीचा भाता थांबवला.

“अक्का, असंच एक मी आटवलंय,” तो म्हणाला. “ह्याच शेगडीवर, ह्याच हातानं. मला कळलं न्हाई. लोकं म्हणत्यात तिप्पण्णाला चांदी बोलती. त्या दिवशी बोलली, पण मीच ऐकलं न्हाई. चोवीस वर्सं झाली, त्याचं तोंड अजून दिसतंय मला. हे बी माझ्याच हातून आटलं तर मी पुन्ना चिमटा धरनार न्हाई.”

“मंग आमचा वीर आमचा न्हाईच का?” रेणुकाबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“कुठला बी असंल, अक्का. हळद तुमच्या घरची खाल्ली त्यानं.”

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि मुलांकडं वळून निकाल दिला. “चार देवांची चांदी मुशीत गेलीच हाय, ती दोन्ही घरांत यील. ह्या लाखेवरनं अण्णा दोन वीर करतील, दोघांना एकच तोंड. मूळचा माझ्यापाशी ऱ्हाईल, मी हाय तवर. नंतरचं तुमी दोघं बगा.” मग तिप्पण्णाकडं बघून म्हणाली, “त्या कारागिरानं चूक केली, पाठ पोकळ झाली, म्हून आमाला वीर घावला. समद्याच चुका वाईट नसत्यात.”

ते नाणं आपल्याकडं असावं असं तिप्पण्णाला वाटलं नाही असं नाही. जीव तुटला त्याचा. पण त्यानं मागितलं नाही. त्यानं आठ दिवस राबून दोन वीर घडवले, पानांचं मुंडासं बांधलेले. उभ्या जन्मात त्यानं इतकं चांगलं काम केलं नव्हतं, आणि ते तो आल्यागेल्याला स्वतःच सांगत असे.

दिवाळीनंतर हणमंतप्पा साहेब गुलबर्ग्याहून, वाटेत तिप्पण्णाला बरोबर घेऊन, निर्ण्याला आले. रेणुकाबाईंच्या घरी चप्पल बाहेर काढून, हातपाय धुऊन देव्हाऱ्यासमोर बसले. भिंगातून नाणं बघताना त्यांनी कितीतरी वेळ मान वर केली नाही. बादशहा टायबेरियस, ते म्हणाले. असं उलट्या पाठीचं नाणं आपण आजवर पुस्तकातल्या चित्रातच पाहिलं होतं, हेही त्यांनी सांगितलं.

“तुम्ही कसं ओळखलं?” साहेबांनी तिप्पण्णाला विचारलं.

“नाकामागं नाक न्हवतं, सायेब.”

साहेबांनी नोंदवही काढली. वजन, माप, जागा लिहिली. शेवटी मोठ्यानं वाचून दाखवलं, “ओळख पटवणार : तिप्पण्णा, टाक कारागीर, भालकी.”

योगीराज हसला. दारात जमलेल्या माणसांनी तिप्पण्णाकडं वळून पाहिलं. तिप्पण्णाची मान ताठ झाली होती.

“सायेब, त्याच्या वर आजून एक ओळ लिव्हा,” तो म्हणाला.

“काय लिहू?”

“असंच दुसरं एक नाणं. सन एकोणीसशे एकोणऐंशी, भालकी. आटवलं. आटवणार तिप्पण्णा.”

साहेबांचं पेन क्षणभर अडलं. यावेळी ते हसले नाहीत. त्यांनी ती ओळ लिहिली आणि वही त्याच्यापुढं धरली. तिप्पण्णानं दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं, मग नाणं उचलून रेणुकाबाईंच्या ओंजळीत ठेवलं.