भरल्या बोटीचा पंखा

शिवतेजनं इंजिनांचे दोन्ही दांडे एकदम पुढं रेटले आणि बोट अशी उसळली, की घाटावर बसलेल्या निम्म्या गावानं उभं राहून हाळी दिली.

संयोगिता त्याच्या शेजारी गुडघे रोवून इंजिनांचे काटे बघत होती. मिनिटाला पाच हजार फेरे. पाच हजार चारशे. सहाशे. कृष्णेचं पाणी मागं दुभंगलं होतं, ओढणीचं टोक सारखं तोंडावर येत होतं आणि तिला हसू आवरत नव्हतं. साठ-साठ घोड्यांची दोन इंजिनं पाठीशी घुमायला लागली की शहाण्या माणसाच्याही पोटात गुदगुल्या होतात, त्याला इलाज नाही.

"ताई, हाच पंखा. एकोणीस. आता बघायचं काय राहिलं न्हाई," शिवतेज म्हणाला. होड्यांच्या शर्यतीत दरसाल वल्हं मारणारा गडी. वेग दिसला की त्याला दुसरं काही दिसत नसे.

"बोटीत दोगंच हाय आपण."

"मग?"

"पुरात दोगंच यायची काय?"

शिवतेजनं दांडे मागं घेतले. तोंड मात्र एवढंसं झालं त्याचं.

पुरासाठी म्हणून गावाला ही बोट मिळाली होती आणि तिच्याबरोबर पंख्यांच्या दोन जोड्या आल्या होत्या, एक एकोणीसची, एक पंधराची. पंख्याच्या एका फेऱ्यात बोट किती इंच पुढं सरकायची, त्याचा हा आकडा. मोठा आकडा पळवतो, लहान आकडा ओझं ओढतो. एक जोडी ठेवायची, दुसरी संध्याकाळच्या टेम्पोनं परत. मलकापूरच्या वर्कशॉपात आठ वर्षं इंजिनं उघडणारी संयोगिता गावचीच पोर, तेव्हा ही निवड तिच्या गळ्यात पडली.

घाटाच्या वरच्या पायरीवर तिचे आबा हाताची घडी घालून उभे होते. सुभेदार हंबीरराव. फौजेत वीस वर्षं बोटी हाकल्या. पण सहा वर्षांमागच्या महापुरानंतर त्यांनी बोटीला हात लावला नव्हता.

त्या दिवशी एका इंजिनाची मागून आणलेली बोट होती. नदीकाठच्या मळीतल्या वस्तीवरनं माणसं काढताना ती गच्च भरली, आणि छपरावरच्या रंगूबाईला आबा म्हणाले, "आक्का, फुडल्या फेरीला न्हेतो." ती फेरी झालीच नाही. पाणी वाढलं, तिला आणायला माघारी जाताना ओढ्याच्या तोंडाशी धारेत इंजिन दमलं, बोट मागं मागं यायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी फौजेच्या जवानांनी रंगूबाईला उतरवलं. ती जगली. तिच्या सहा शेळ्या तिच्या डोळ्यांदेखत एकेक करून गेल्या. तेव्हापासून ती आबांशी बोलत नव्हती, आणि आबा तरी कुणाशी फार कुठं बोलत होते?

संयोगितानं निरोप फिरवला होता. वीस माणसं पाहिजेत, आणि पुरात जे संगं घ्याल ते घेऊनच या. मग काय, जत्राच भरली. नानासो रजईत गुंडाळलेला टीव्ही घेऊन आले. अंकितानं मिक्सर आणला आणि कागदपत्रांची पिशवी पोटाशी धरली. कुणी टॉवेलात देव बांधले होते, कुणी शेगडी.

"नाना, टीव्ही कशाला?"

"आवं, बातम्या कशा कळायच्या मग?"

एकोणीस जण झाले. विसावा निरोप रंगूबाईला होता. तिच्याकडून होही आलं नव्हतं, नाहीही आलं नव्हतं.

"तिच्या जागी वजनाला पोतं ठिवू का एक?" शिवतेजनं विचारलं.

"जागा मोकळीच ऱ्हाऊ दे," संयोगिता म्हणाली.

वरून धरणाचं पाणी सोडलेलं, धारेला ओढ होती. शिवतेजनं दांडे पुढं नेले. बोटीचं नाक आभाळाकडं गेलं, मागची बाजू पाण्यात बसली आणि काटे चार हजार चारशेवर अडले ते अडलेच. इंजिनं कण्हायला लागली. मघाशी उड्या मारणारी बोट ती हीच का, असं वाटावं. संयोगितानं घाटाकडं पाहिलं. तो आवाज ऐकून आबा पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात आले होते. बूट काढायचंही भान राहिलं नव्हतं त्यांना.

बोट काठाला आली. आबा म्हणाले, "पाना दे."

बापलेकीनं मिळून पंखे बदलले. तिनं नट अडवणारी खिळी ओढली, पात्याला लाकडाचा ठोकळा लावून धरला, त्यांनी नट सोडला. पंधराची जोडी चढवताना त्यांनी उजवीकडं फिरणारा कुठला, डावीकडं फिरणारा कुठला, ते दोनदा तपासलं. नट पहिल्याच दमात आट्यावर बसला.

"रिकाम्या बोटीला लय बोंबलंल ह्यो पंखा," शिवतेज म्हणाला.

"रिकामी असली की दांडा मागं घे. भरली असली की काय मागं घेशील?"

संयोगितानं त्याला सुनावलं. मग ती आबांकडं वळली.

"दांडं तुमी धरा. मला काटं बघायचंत."

आबा उभेच राहिले. मग नानासोंनी टीव्ही मांडीवर घेऊन सरकून जागा केली आणि आबा सुकाणूला बसले.

दांडे पुढं गेले. नाक वर आलं. चार हजार सहाशे. आठशे. संयोगिता काट्यांवर आणखी वाकली. पाच हजार, आणि नाक हळूच खाली आलं, बोट पाण्यावर चढली. पाच हजार चारशे. अंकिता आनंदानं किंचाळली, देव बांधलेला टॉवेल कुणीतरी झेंड्यासारखा धरला, आणि शिवतेज, दुसरं कुणी नाही, तोच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. समोर ओढ्याचं तोंड आलं. आबांनी जबडा आवळला. बोट धार चिरून सरळ वर निघाली. संयोगिताला बापाच्या गळ्यातच पडावंसं वाटलं, पण काट्यावरची नजर काढायचा धीर झाला नाही.

"बास, आबा. हीच जोडी. वळवा आता."

आबांनी वळवली नाही. ते पुढं बघत होते.

मळीच्या काठावर, वस्तीखालच्या दगडावर रंगूबाई उभी होती. एका हातात बोचकं, दुसऱ्या हातात शेळीचं दावं. तिनं हात केला नाही, हाक मारली नाही. कधीपासून उभी होती कोण जाणे.

आबांनी दांडे मागं घेतले. बोटीचं नाक अलगद दगडाला टेकलं.

"लय येळ लावलास, हंबीर," रंगूबाई म्हणाली.

"व्हय, आक्का."

त्यांनी तिला आधाराला हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. दावं त्यांच्या हातात दिलं.

"आदी शेळीला घे."

आबांनी शेळीला दोन्ही हातांनी उचलून बोटीत घेतलं.