लुगड्यावरून यंत्र

आमच्या घरात दोन पुरुष, आणि दोघांचंही आत्तींच्या गुडघ्याबद्दल मत होतं. दुखायचा मात्र तो एकट्या आत्तींना. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, आक्काताई. त्यांना चुलीपुढं बसता येईना, म्हणून मी घरात अडकलेली. साताऱ्याला शिक्षिकेच्या कोर्सला माझा नंबर लागला होता. "आईचा गुडघा बरा झाला की जा," असं माझ्या नवऱ्यानं, जिनपालनं, मोठ्या उदार मनानं सांगितलं होतं. त्यामुळं त्या गुडघ्याची काळजी सगळ्यांत जास्त मलाच.

आष्ट्याहून एसटीनं आत्ती, मामंजी आणि मी सांगलीला गेलो. डॉक्टरांकडं नवं अल्ट्रासाऊंड यंत्र आलं होतं. गुडघ्यावर सूज उतरवणारं मलम थापायचं आणि त्यावरून यंत्राची मूठ फिरवायची, असा उपचार. मदतनीस मलम घेऊन पुढं आला तशी आत्तींनी लुगडं घोट्यापर्यंत ओढलं.

"आगं बाई! परका बाप्या गुडघ्याला हात लावनार व्हय?"

मामंजींनी लगेच तोड काढली. यंत्र लुगड्यावरून फिरवायचं, मलम घरी सुनेनं चोळायचं. मदतनिसाचं काय जातंय? आठवडाभर लुगड्यावर अगदी शास्त्रशुद्ध उपचार झाले. दुखणं लुगड्याला असतं तर ते नक्की बरं झालं असतं.

"समदं थोतांड हाय," मामंजींनी निकाल दिला.

माझं डोकंच फिरलं. पुढच्या खेपेला मी थेट डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, मलमाशिवाय लहरी आत शिरतच नाहीत! मधे कापड कसलं ठेवता?"

"मग मी फिरवते," मी म्हटलं.

त्यांनी यंत्राचा काटा हवा तिथं लावून दिला, मूठ गोल गोल कशी फिरवायची ते दाखवलं. मी पडदा ओढला, लुगडं वर सारलं, मलम थापलं.

"गार लागतंय गं," आत्ती म्हणाल्या. पण पाय आखडला नाही.

महिन्याभरात आत्ती चुलीपुढं बसल्या आणि भाकरी थापून भिंतीला न धरता उठल्या. मला इतका आनंद झाला की मी त्याच दुपारी ट्रंक भरली.

रात्री जेवताना आत्तींनी सगळ्यांदेखत माझा हात धरला. "हिच्या हाताला लय गुन हाय. आता दुसरा गुडघा बी कुरकुरतोय. हिला कुटं धाडू नगा."

मामंजींनी मान डोलावली. जिनपालनंही, आणि वर कौतुकानं माझ्याकडं पाहिलं.

स्वतःच्या हातांचा इतका राग मला कधी आला नव्हता. त्याच हातांनी मी त्यांना भाकरी वाढली, आणि ट्रंक रिकामी करायला आत गेले.